बॅकअप चालू असताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ आला तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

रात्री लावलेला बॅकअप सकाळी बघायला जावं आणि लॉगच्या शेवटी टारची (लिनक्सवर फाइली एका अर्काइव्हमध्ये बांधणारा प्रोग्रॅम) ओळ असावी: ‘रीड एरर ॲट बाइट ०, व्हाइल रीडिंग १०२४० बाइट्स: इनपुट/आउटपुट एरर’. हे ज्याच्या नशिबी आलंय त्याला माहितीये, हात आपोआप वरच्या बाणावर जातो, तीच कमांड परत, बघू या वेळी जाते का. मी पण हे बरेचदा केलंय, आणि कधीकधी दुसऱ्या वेळी बॅकअप खरंच पूर्ण झालाय, आणि तेच सगळ्यात वाईट, कारण मग माणूस विसरून जातो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या. एरर बॅकअपचा नाहीये. रोजच्या कामात आपण त्याच त्या पाच-पन्नास फाइल उघडतो, बाकी डिस्कवर काय पडलंय तिकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही, आणि फुल बॅकअप हा एकच कार्यक्रम असा असतो जो प्रत्येक फाइलच्या दारात जाऊन कडी वाजवतो. त्यामुळे सेक्टर (डिस्कचा सगळ्यात छोटा तुकडा) सहा महिन्यांपूर्वी गेलेला असला तरी बातमी आज कळते. उलट आरसिंकवाल्यांनी (फक्त बदललेल्या फाइल दुसरीकडे कॉपी करणारा प्रोग्रॅम) जास्त सावध राहायला पाहिजे, कारण आरसिंक साइज आणि तारीख तीच असेल तर फाइल उघडतच नाही, म्हणजे जुना फोटो सडला असेल तर त्याला पत्ताच लागत नाही, लॉग मात्र दर रात्री हिरवागार.

(कमांडची नावं मी बोलतो तशीच लिहिलीयत, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरात टाकायची. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.)

आधी क्रॉन बंद करा

हे पहिलं काम. डिस्क तपासायच्या आधी, चहा प्यायच्या आधी. क्रॉनमधली (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) बॅकअपची ओळ कॉमेंट करा, सिस्टमडीचा टायमर असेल तर तो थांबवा, आणि जुने बॅकअप उडवणारी जी काही स्क्रिप्ट असेल ती तर नक्कीच.

का ते सांगतो, कारण यात मी स्वतः भाजलोय. माझी एक स्क्रिप्ट होती, टारचं आउटपुट पाइपमधून जीझिपला (दाबून लहान करणारा प्रोग्रॅम), शेवटचे ७ बॅकअप ठेवायचे, आठवा आला की सगळ्यात जुना डिलीट. पाइपलाइनचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो हे मला तेव्हा माहीत होतं पण डोक्यात नव्हतं. टार बोंबलत होतं, जीझिप मजेत शून्य परत करत होतं, आणि मी एरर आउटपुट डेव्ह नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, टाकलं होतं कारण ‘फाइल चेंज्ड ॲज वी रेड इट’ च्या मेलचा कंटाळा आला होता. आठवड्यानंतर लक्षात आलं तेव्हा सातच्या सात कॉप्या डिस्क बिघडल्यानंतरच्या. चांगली शेवटची कॉपी मीच माझ्या हाताने, म्हणजे माझ्या स्क्रिप्टच्या हाताने, उडवली होती.

आणि टारची अजून एक खोड आहे जी फार कमी लोकांना माहितीये. जीएनयू टारला फाइल वाचताना मध्येच एरर आला की तो हेडरमध्ये आधीच लिहिलेली साइज पाळायला बघतो, त्यामुळे एरर आला तिथपासून फाइलच्या शेवटपर्यंत सगळे शून्य भरतो आणि पुढच्या फाइलला जातो. नीट वाचा, फक्त खराब सेक्टरपुरते शून्य नाही, उरलेली सगळी फाइल. ४ जीबीच्या डेटाबेस डंपमध्ये सुरुवातीलाच एक सेक्टर गेला असेल तर अर्काइव्हमध्ये नाव बरोबर, साइज बरोबर, तारीख बरोबर, आणि आत जवळजवळ चार जीबी शून्य. लिस्ट काढून बघितलं तर काहीच संशय येणार नाही.

आरसिंक इथे शहाणा आहे. वाचता न आलेला भाग तोही शून्यांनी भरतो पण शेवटी चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही म्हणून ‘फेल्ड व्हेरिफिकेशन, अपडेट डिस्कार्डेड’ म्हणतो, पलीकडची जुनी कॉपी तशीच ठेवतो आणि २३ कोड देऊन बाहेर पडतो. स्रोत वाचताना आयओ एरर आला असेल तर डिलीटचं काम पण तो स्वतःहून टाळतो. हे शहाणपण तुम्ही स्वतःच मोडू शकता, इनप्लेस लावून किंवा इग्नोर एरर्स लावून, तर लावलं असेल तर आज काढा.

जुनं डंप वापरणारे पण असतील अजून, फाइलसिस्टम थेट डिव्हाइसवरून वाचणारं. ते पहिले ३२ रीड एरर नुसते छापून पुढे जातं आणि त्यानंतरच विचारतं की चालू ठेवू का. म्हणजे डंप पूर्ण झालं याचा अर्थ डंप चांगलं झालं असा होत नाही, मधल्या ओळी वाचायच्या.

एरर नक्की कोणता आहे ते वाचा

सगळे रीड एरर डिस्कचे नसतात. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर तो हक्काचा प्रश्न, आणि रूट (सगळे हक्क असलेला युजर) असूनही येत असेल तर बहुतेक कोणाच्या तरी होम डिरेक्टरीतलं फ्यूज माउंट (साध्या युजरने स्वतः जोडलेली फाइलसिस्टम) आहे, तिथे रूटलाही आत सोडत नाहीत. ‘स्टेल फाइल हँडल’ म्हणजे एनएफएस, नेटवर्कवरून जोडलेली डिस्क. ‘नो सच फाइल’ म्हणजे यादी बनवल्यावर आणि वाचण्याआधी कोणीतरी फाइल उडवली, मेलची स्पूल डिरेक्टरी असली की हे रोजचं, आरसिंक यासाठी २४ कोड देतो. ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ हा फाइलसिस्टमचा आतला हिशोब चुकलाय, डिस्क कदाचित ठणठणीत असेल.

खरा ‘इनपुट/आउटपुट एरर’ म्हणजे एरर नंबर ५. तोही आला की लगेच रडायचं नाही, आधी पाथ बघा. स्लॅश प्रॉक किंवा स्लॅश सिसच्या खालची फाइल असेल तर त्या फाइल मुळात डिस्कवर नाहीतच, कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) खिडक्या आहेत, काहींमध्ये डोकावलं की ते हाच एरर देतात. अख्ख्या रूट डिरेक्टरीचा बॅकअप घेताना टारला वन फाइल सिस्टम आणि आरसिंकला मायनस एक्स लावलं की हा गोंधळ मिटतो. निम्म्या वेळा प्रश्न इथेच संपतो आणि लोक उगाच नवीन डिस्क घेऊन बसतात.

पाथ साध्या डेटा फाइलचा असेल तर पुढे वाचा.

कर्नल काय म्हणतंय

डीमेसेज मायनस कॅपिटल टी. मशीन मध्ये रीबूट झालं असेल तर जर्नलसीटीएल मायनस के मायनस बी मायनस १. फ्रीबीएसडीवर वार लॉग मेसेजेस.

इथे दोन प्रकारचं चित्र दिसतं आणि ते ओळखता आलं की अर्धी लढाई जिंकली. पहिलं चित्र असं: कमांड फेल्ड, एररमध्ये कंसात ‘यूएनसी’, मग ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’, कधी त्यापुढे ‘ऑटो रीॲलोकेट फेल्ड’, आणि शेवटी ‘क्रिटिकल मीडियम एरर, डेव्ह एसडीबी, सेक्टर ४८८३९७८२९’. यूएनसी म्हणजे अनकरेक्टेबल, डिस्क स्वतःच कबूल करतेय की मी वाचायचा प्रयत्न केला, एरर करेक्शन लावून बघितलं, नाही जमलं. आणि सेक्टर नंबर दर वेळी तोच किंवा त्याच्या आसपासचा. हा प्लॅटरचा किंवा फ्लॅशचा खरा आजार. तो सेक्टर नंबर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं चित्र: ‘आयसीआरसी’, ‘एबीआरटी’, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, मग ‘साटा लिंक अप’ पण ६ च्या जागी ३ किंवा १.५ जीबीपीएसवर, सेक्टर नंबर दर वेळी वेगळेच, कधी रीड कधी राइट. ही डिस्क नाही, ही वायर. किंवा वायरच्या दोन टोकांपैकी एक. यूएसबीची डिस्क असेल तर यात ‘रिसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ परत परत दिसतं, आणि मग हब काढून डिस्क थेट पोर्टला लावून बघायची, अडीच इंची डिस्कला हबमधून वीज पुरत नाही हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी पहिलं तेच विचारतो.

मधलं एक चित्र पण असतं, फक्त टाइमआउट आणि रिसेट, यूएनसी कुठेच नाही. यात फसायला होतं. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर अडली की स्वतःच्या आत मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते, आणि लिनक्स बाहेर डीफॉल्ट ३० सेकंद थांबतं, मग कंटाळून लिंकच रिसेट करतं. म्हणजे डिस्कला ‘नाही जमलं’ म्हणायची संधीच मिळत नाही आणि लॉगमध्ये सगळं केबलसारखं दिसतं. स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, म्हणजे स्मार्ट, ती वाचणारी कमांड) एससीटी ईआरसी नावाची सेटिंग आहे, तिला ७०,७० दिलं की डिस्क ७ सेकंदात हार मानते. काही डिस्कना ती सुविधाच नसते, मग उलटं करायचं, सिस ब्लॉकच्या खाली त्या डिस्कची टाइमआउट फाइल असते तिच्यात १८० लिहायचं. रेडमधली (अनेक डिस्क मिळून एक) डिस्क असेल तर हे दोन्हीपैकी एक केलंच पाहिजे, नाहीतर एका सेक्टरपायी एमडी (लिनक्सचं रेड) अख्खी डिस्क बाहेर काढतं, आणि ती पण नेमकी रीबिल्डच्या वेळी.

स्मार्ट बघा, पण ‘पास्ड’ वर जाऊ नका

स्मार्टसीटीएल मायनस छोटा ए. वर मोठ्या अक्षरात ‘पास्ड’ येईल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. मरायला टेकलेल्या डिस्कना मी पास्ड मिळवताना बघितलंय. खालच्या तक्त्यात शेवटचा कॉलम, रॉ व्हॅल्यू, आणि त्यात चारच ओळी: ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, १९८ म्हणजे ऑफलाइन तपासात न वाचता आलेले, आणि १९९ म्हणजे वायरवरचे सीआरसी एरर. १९७ शून्यापेक्षा जास्त आणि १९९ शून्य असेल तर डिस्क. १९७ शून्य आणि १९९ चा आकडा रोज वाढतोय तर वायर बदला आणि निवांत झोपा, पण एक लक्षात ठेवा की १९९ कधी कमी होत नाही, वायर बदलल्यावर जुना आकडा तसाच राहतो, तो वाढतोय का एवढंच बघायचं. एनव्हीएमई असेल तर हा तक्ता नसतो, तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ बघा.

गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये लाखभराहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात दोन गोष्टी होत्या. एक, पहिला स्कॅन एरर आला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. दोन, मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टच्या चार महत्त्वाच्या आकड्यांत मरेपर्यंत काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे स्मार्ट वाईट बोललं तर विश्वास ठेवा, चांगलं बोललं तर ठेवू नका.

लाँग टेस्ट मायनस टी लाँगने लावता येते, पण डेटा बाहेर काढायच्या आधी लावू नका. ती अख्खी डिस्क वाचते, तास न् तास, आणि एटीए डिस्कवर पहिला एरर आला की बहुतेक तिथेच थांबते. तेवढाच वेळ डिस्क चालणार असेल तर तो वेळ कॉपी करण्यात घालवलेला बरा.

एफएससीके नको. आधी इमेज

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. एरर दिसला की एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायची सवय जुनी आहे, आणि डिस्क चांगली पण फाइलसिस्टम बिघडली असेल तेव्हा ती बरोबर पण आहे. डिस्कच आजारी असेल तर एफएससीके काय करतं, आयनोडचा (प्रत्येक फाइलची नोंद) तक्ता वाचता आला नाही की तिथे काही नाही असं धरून चालतं आणि ‘दुरुस्ती’ लिहून टाकतं. जी फाइल उद्या कदाचित वाचता आली असती तिचा पत्ताच पुसला जातो. बॅडब्लॉक्सचं कॅपिटल नसलेलं मायनस डब्ल्यू तर सगळं खोडूनच टाकतं, त्याच्या जवळपास पण जाऊ नका.

तर पार्टिशन अनमाउंट करा. रूट डिरेक्टरीच त्या डिस्कवर असेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा. मग ब्लॉकडेव्ह सेटआरओ करून डिस्कला कर्नलच्या बाजूने कुलूप लावा. नुसतं रीड ओन्ली माउंट पुरत नाही हे लक्षात असू द्या, ईएक्सटी४ रीड ओन्ली माउंट करताना पण अर्धवट जर्नल (लिहायच्या कामांची नोंदवही) असेल तर ते परत चालवतं, म्हणजे लिहितं. माउंट करायचंच असेल तर आरओ सोबत नोलोड द्या, एक्सएफएसला नोरिकव्हरी.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल आणि डेटा पैशाने परत मिळणारा नसेल तर इथेच वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्या माणसाकडे द्या. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच, ऐकू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं.

आवाज नसेल तर जीएनयू डीडीरेस्क्यूने इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये. डीडी नको, आणि का नको ते सांगतो कारण अजून लोक डीडी नोएरर सिंक लिहितात. नोएरर एकटं दिलं तर न वाचलेला भाग गळतो आणि त्याच्या पुढचं सगळं पुढे सरकतं, इमेज कामातून गेली. सिंक बरोबर दिलं तर जागा राखली जाते पण बीएस (एका वेळी वाचायचं माप) १ एमबी ठेवलं असेल तर एका ५१२ बाइटच्या सेक्टरपायी अख्खा १ एमबी शून्य होतो. बीएस ५१२ ठेवलं तर अख्ख्या डिस्कला जन्म जातो. डीडीरेस्क्यूचं डोकं वेगळं चालतं, सोपं सोपं आधी उचलायचं, अडलं की उडी मारून पुढे, आणि खड्ड्यांकडे नंतर परत यायचं. (डीडी अंडरस्कोर रेस्क्यू नावाचा वेगळाच प्रोग्रॅम आहे, ऑप्शन जुळत नाहीत, पॅकेज घालताना नाव नीट बघा.)

पहिली फेरी: डीडीरेस्क्यू मायनस एन, मग सोर्स, मग इमेज फाइल, मग मॅपफाइल. मायनस एन म्हणजे खड्डे खरवडू नको, फक्त सोपं उचल. सोर्स आधी, डेस्टिनेशन नंतर, एंटर दाबायच्या आधी एकदा बोट ठेवून वाचा, एसडीबी म्हणजे कोण हे एलएसबीएलकेमध्ये साइज आणि सिरीयल नंबरवरून खात्री करून घ्या, रीबूटनंतर ही नावं बदलतात. इमेज आणि मॅपफाइल दोन्ही दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर. मॅपफाइल टेंपमध्ये ठेवू नका, लाइव्ह यूएसबीवर तर मुळीच नाही, कारण मॅपफाइल हाच सगळा जीव आहे. कुठला भाग आला, कुठला राहिला ते सगळं त्यात असतं, कंट्रोल सी मारा, मशीन बंद करा, डिस्क थंड होऊ द्या, तीच कमांड परत द्या, राहिलेल्या जागेपासून सुरू.

दुसरी फेरी: मायनस एनच्या जागी मायनस डी आणि मायनस आर३. डी म्हणजे कर्नलचा कॅश टाळून थेट वाच, आर३ म्हणजे खराब जागी तीनदा प्रयत्न कर. अजून राहिलं तर मायनस कॅपिटल आर लावून उलट्या दिशेने एक फेरी, कधीकधी त्यात थोडं सुटतं. स्क्रीनवर ‘टाइम सिन्स लास्ट सक्सेसफुल रीड’ असतं त्याच्यावर डोळा ठेवा. तासभर काहीच आलं नाही आणि राहिलेत ८ सेक्टर, तर सोडून द्या, बाकीची डिस्क त्या ४ केबीसाठी मारू नका. डिस्कवर एक छोटा पंखा सोडला तर चांगलंच.

एक वेगळं मत पण आहे आणि ते मला पटतं: डिस्क २ टीबीची आणि खरं महत्त्वाचं २० जीबीच असेल, आणि एरर मोजकेच असतील, तर आधी तेवढ्या डिरेक्टरी आरसिंकने काढून घ्या आणि मग इमेजला बसा. पुस्तकी उत्तर नाही, पण इमेज ४० टक्क्यांवर असताना डिस्क गेली आणि हवं ते ६० टक्क्यांत होतं हे झालं की पुस्तक आठवत नाही.

कुठली फाइल गेली ते शोधणं

इमेज हातात आली की सगळं काम इमेजवर. लोसेटअपला (इमेज फाइल डिस्कसारखी जोडणारी कमांड) मायनस एफ, मायनस कॅपिटल पी आणि मायनस आर दिलं की इमेजमधली पार्टिशन लूप० पी१ वगैरे नावाने दिसतात. फाइलसिस्टम दुरुस्त करायची असेल तर इमेजची अजून एक कॉपी काढा आणि एफएससीके त्या कॉपीवर चालवा, आता चुकलं तरी काही जात नाही.

सेक्टरवरून फाइल काढायचा हिशोब एकदा हाताने करून दाखवतो. कर्नलने सांगितलं सेक्टर ४८८३९७८२९. हा आकडा अख्ख्या डिस्कच्या सुरुवातीपासूनचा, ५१२ बाइटच्या मापात. एफडिस्क मायनस एलने सांगितलं पहिलं पार्टिशन २०४८ पासून सुरू. वजा करा, ४८८३९५७८१. ईएक्सटी४ चा ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे ८ सेक्टर, तर ८ ने भागा, ६१०४९४७२.६२५, अपूर्णांक सोडा. ब्लॉक ६१०४९४७२. आता डीबगएफएसला लूपचं पार्टिशन द्या आणि आत आयचेक ६१०४९४७२ विचारा, आयनोड नंबर मिळेल, मग एनचेकला तो आयनोड द्या, पाथ मिळेल. आयचेक ‘ब्लॉक नॉट फाउंड’ म्हणालं तर बहुतेक ती जागा रिकामी आहे, काहीच गेलं नाही. आयनोड ८ आला तर ते जर्नल आहे, तुमची फाइल नाही. मध्ये एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडणारा थर) किंवा लक्स (एन्क्रिप्शनचा थर) असेल तर त्यांच्या सुरुवातीच्या जागेचा हिशोब पण वजा करावा लागतो, हे विसरून चुकीच्या फाइलच्या नावाने शिमगा करणारे मी पाहिलेत. आणि कर्नलची ‘बफर आयओ एरर, लॉजिकल ब्लॉक’ वाली ओळ एसडीबी१ बद्दल असेल तर तो आकडा पार्टिशनपासूनचा आणि ब्लॉकच्या मापात असतो, त्यातून परत २०४८ वजा करू नका.

दहा-वीस सेक्टर असतील तर हे ठीक. हजार असतील तर डीडीरेस्क्यूचा फिल मोड वापरा. एका छोट्या फाइलमध्ये असा शब्द लिहायचा जो तुमच्या डेटात कुठेच नसेल, आणि फिल मोड मायनस देऊन, ती छोटी फाइल सोर्स म्हणून, इमेजच्या कॉपीवर त्याच मॅपफाइलसोबत चालवायचं. जिथे जिथे वाचता आलं नाही तिथे तो शब्द भरला जातो. मग कॉपी माउंट करून ग्रेप मायनस आर, मायनस एल, आणि तो शब्द ज्या ज्या फाइलमध्ये सापडेल ती यादी म्हणजे जखमी फाइलींची यादी. पहिल्यांदा केलं तेव्हा मला जादू वाटली होती. ग्रेपमध्ये मायनस ए लावा म्हणजे बायनरी फाइलवर कुरकुर करणार नाही. फक्त मूळ इमेजवर हे करू नका.

झेडएफएस आणि बीटीआरएफएसवाल्यांना (डेटाचेही चेकसम ठेवणाऱ्या फाइलसिस्टम) यातलं काही करावं लागत नाही. झेडपूल स्टेटस मायनस व्ही थेट फाइलींची नावं छापतं, बीटीआरएफएस स्क्रब चालवल्यावर डीमेसेजमध्ये पाथ येतो. मॅकवर एपीएफएस असेल तर हे गृहीत धरू नका, त्यात चेकसम मेटाडेटाला आहेत, तुमच्या डेटाला नाहीत.

यादी मिळाली की जुन्या बॅकअपमधून तेवढ्याच फाइल काढायच्या. क्रॉन पहिलं बंद करायला सांगितलं ते यासाठी.

तो सेक्टर परत लिहायचा का

लिहिलं तर डिस्क एकतर तिथेच नीट लिहून घेते किंवा राखीव सेक्टर जोडून देते, आणि १९७ चा आकडा खाली येतो. वीज अचानक गेल्यामुळे अर्धवट लिहिलेला सेक्टर असेल तर तो असा कायमचा बरा पण होतो. माझा नियम साधा आहे: एक-दोन सेक्टर, आकडा आठवडाभर हलला नाही, आवाज नाही, तर लिहून बघतो आणि ती डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला लावतो. दहाच्या वर किंवा रोज वाढतंय तर डिस्क बाद, चर्चा नाही. एसएसडी असेल तर एका एररवर पण बाद, कारण ती जाते तेव्हा हळूहळू जाईलच असं नसतं.

एचडीपार्ममध्ये रीड सेक्टर देऊन आधी खात्री करा की खरंच तोच सेक्टर वाचता येत नाहीये. मग राइट सेक्टर, जे ‘यस आय नो व्हॉट आय ॲम डूइंग’ असा लांबलचक ऑप्शन टाइप केल्याशिवाय हलत नाही, ज्याने हे ठेवलं त्याला माझा नमस्कार. आजच्या बऱ्याच डिस्क आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या असतात आणि बाहेर ५१२ दाखवतात, तिथे एकच छोटा सेक्टर लिहायला गेलं की डिस्कला आधी अख्खे ४ केबी वाचावे लागतात आणि नेमकं तेच होत नाही, म्हणून बऱ्याचदा लिहिणं पण फसतं. मग डीडीने ४०९६ चा एक ब्लॉक, ओफ्लॅग डायरेक्ट, आणि सीक म्हणजे डिस्कचा सेक्टर भागिले ८, आपल्या उदाहरणात ६१०४९७२८. वरचा फाइलसिस्टमचा ब्लॉक होता ६१०४९४७२. दोन आकडे इतके सारखे दिसतात की रात्री दोन वाजता चुकणारच. एक डिस्कपासून मोजलेला, एक पार्टिशनपासून, फरक बरोबर २५६ चा, म्हणजे २०४८ भागिले ८. डीडीला एसडीबी देताय की एसडीबी१ त्यावर कुठला वापरायचा ते ठरतं, आणि चुकला तर चांगल्या फाइलचे ४ केबी शून्य. सेटआरओचं कुलूप त्याआधी काढावं लागेल हे ओघाने आलंच. लिहून झालं की आता लाँग टेस्ट लावा.

क्रॉन परत चालू करण्याआधी

स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट मायनस ओ पाइपफेल. बॅशमध्ये चालतं, जुन्या एसएचमध्ये नाही, तर पहिली ओळ पण बघा. टारचा एक्झिट कोड १ म्हणजे वाचताना फाइल बदलली, चालण्यासारखं. २ म्हणजे गंभीर, आणि २ आला तर जुनी कॉपी डिलीट करायची ओळ चालताच कामा नये. इग्नोर फेल्ड रीड लावून तोंड बंद करू नका. एरर आउटपुट डेव्ह नलमध्ये नको, फाइलमध्ये टाका, आणि फार मेल येतात म्हणून तक्रार असेल तर ‘फाइल चेंज्ड’ एवढीच ओळ गाळा.

आरसिंकवाल्यांनी महिन्यातून एकदा मायनस सी लावून एक फेरी करावी म्हणजे जुन्या फाइल पण वाचल्या जातात. किंवा स्मार्टडीला लाँग टेस्टचं वेळापत्रक द्या. एमडी रेड असेल तर सिंक ॲक्शन फाइलमध्ये चेक लिहा, झेडएफएसला झेडपूल स्क्रब.

आणि सगळ्या फाइल नुसत्या वाचून बघायच्या म्हणून टारचं आउटपुट थेट डेव्ह नलला देऊ नका. जीएनयू टारला कळतं की पलीकडे डेव्ह नल आहे, आणि तो फाइलींची फक्त नावं-साइज बघून डेटा न वाचताच पळत सुटतो, ५०० जीबी दोन मिनिटांत ‘तपासून’ मोकळा. मध्ये एक कॅट घाला, टारचं आउटपुट कॅटला आणि कॅटचं डेव्ह नलला, मग तो खरंच वाचतो आणि डिस्कचा दिवा लुकलुकायला लागतो.